सुरेखाच्या दहाव्या घरातला सूर्य

मंडळी, आज सकाळी चाकणला जाताना कंपनीच्या बसमध्ये मी एक हलकटपणा केला.

आमच्या लाइनवरची सुरेखा माझ्यानंतर तीन वर्षांनी लागली आणि गेल्या आठवड्यात लाइन लीडर झाली. तेव्हापासून माझा नुसता जळफळाट चाललाय. मी सध्या ज्योतिष शिकतेय. म्हटलं, हिची पत्रिका बघू, हिचे चांगले दिवस कधी संपतात ते तरी कळेल.

नवख्यांसाठी सांगते. जन्मावेळी चंद्र ज्या राशीत असतो, ती आपली रास. तेव्हा पूर्वेला जी रास उगवत असते ते लग्न, आणि ते साधारण दोन तासांनी बदलतं. लग्नापासून बारा घरं मोजायची. दहावं घर नोकरीचं, मानाचं. म्हणून जन्मवेळ लागतेच. बसमध्ये मोबाइलवर पत्रिकेचं अ‍ॅप उघडून मी तिला तीच विचारली.

"वेळ कुणाला ठाऊक गं?" सुरेखा हसली. "आई कांदे काढत होती, बांधावरच झाले मी. ऊन अगदी डोक्यावर होतं म्हणते."

सूर्य डोक्यावर म्हणजे तो दहाव्या घरात, म्हणजे नोकरीत मानच मान! आणि माझी वेळ मिनिटासकट लिहून ठेवलेली, तरी माझं दहावं घर रिकामं.

"काय दिसतंय?"

"वेळेशिवाय काहीच सांगता येत नाही," म्हणत मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

सुरेखा माझ्या आधीच्या स्टॉपवर चढते. काळेवाडीला मी चढेपर्यंत रोज माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवते. उद्याही धरेल.

खरं सांगू का तिला? तुम्ही सांगितलं असतं?