भंते आज कुठवर आले?

पेचबुरीच्या नदीकाठच्या गल्लीत आपल्याइतकं काम कुणालाच नाही, असं लमुनचं ठाम मत होतं आणि ते तिने कधी लपवून ठेवलं नाही. वय अठ्ठावन्न, घराच्या पुढच्या खोलीत मिठाईचं दुकान, मागच्या अंगणात भट्टी. उजाडायच्या आत नारळ खवायचे, दूध पिळायचं, ताडगूळ विरघळवायचा, अंडी फेसायची आणि मोकेंगची ताटं भाजायला लावायची. सातला बँकॉकच्या गाड्या सुरू झाल्या की खरवसासारख्या त्या मऊ वड्या बांधून देता देता हात दुखून येत. आणि प्रत्येक ताट बिघडलं नाही ना हे चाखून बघावं लागे, ते वेगळंच.

व्यायाम कर असं सांगणाऱ्यांची तिला कमी नव्हती. मुलाने घरी चालवायची सायकल आणून दिली. तिच्यावर आता भांड्यांची फडकी वाळत होती. शेजारच्या वानपेनने कमरेभोवती फिरवायची रिंग दिली. ती दोन दिवस कमरेवर राहिली आणि मग कायमची खिळ्यावर गेली. नदीकाठच्या मैदानावर रोज संध्याकाळी बायका गाण्यावर कवायत करतात, तिथेही ती एकदा जाऊन आली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मोकेंगचं ताट घेऊन गेली. सहाला रोजच्यासारखं भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं, सगळ्या जागच्या जागी ताठ उभ्या राहिल्या, आणि ते संपल्यावर कवायतीकडे न वळता ताटाभोवती गोळा झाल्या. शिकवणाऱ्या मुलीने शेवटी हात जोडले.

"मावशी, तुम्ही रोज या. पण ताट आणू नका."

"मग येऊन करू काय?" लमुन म्हणाली आणि परत गेली नाही.

जुलैमध्ये मात्र दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने चष्म्यावरून बघत तिला सांगितलं, "उपाशीपोटी साखर एकशे नव्वद. तीन महिन्यांनी परत तपासू. दीडशेच्या खाली आली नाही, तर रोजची सुई."

सुईला लमुन घाबरत नव्हती. ती घाबरत होती आईच्या पायाला. आईचा उजवा पाय याच साखरेने घोट्यापासून गेला होता. पुढची चार वर्षं आईने दारातल्या लाकडी बाकावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय बघण्यात काढली होती. बाक अजून तिथेच होता. लमुन त्यावर कधी बसत नसे.

तो आकडा तिने एकाच माणसाला सांगितला, आपल्या मोठ्या भावाला. थोंगदीने तीस वर्षं बस चालवली, आणि बायको गेल्यावर डोकं भादरून, चीवर अंगावर घेऊन नदीपलीकडच्या विहारात राहायला गेला. आता सत्तरीचा होता. लहानपणी ज्याच्या पाठीवर बसून तिने पेरू चोरले, त्यालाच आता वाकून नमस्कार करायचा आणि भंते म्हणायचं, हे तिला पहिलं वर्षभर जड गेलं; मग अंगवळणी पडलं. रोज सकाळी भंते अनवाणी पूल उतरून, शाळेवरून, थेट तिच्या दारापर्यंत भिक्षेला येत. त्या दिवशी त्यांच्या पात्रात भात घालता घालता तिने साखरेचा आकडा सांगितला. भंतेंनी बाकाकडे बघितलं. "हं," एवढंच म्हणाले.

वर्षावास, म्हणजे भिक्षूंचा पावसाळी मुक्काम, सुरू झाला आणि गल्लीतल्या लोकांनी दरवर्षीसारखे तीन महिन्यांचे नेम धरले. वानपेनच्या नवऱ्याने दारू सोडली, वानपेनने पत्ते सोडले. लमुनने नेम धरला की या तीन महिन्यांत एकही दिवस न चुकता आपल्या हातचं अन्न भंतेंच्या पात्रात घालीन. यात मोठं धाडस काही नव्हतं. भंते तर दारातच येत होते.

चौथ्या दिवशी भंते दारात आले नाहीत.

लमुन हातात भाताचा डबा घेऊन रस्त्यावर आली, तर ते गल्लीच्या टोकाला, औषधाच्या बंद दुकानासमोर उभे होते. ती धावत गेली, चपला काढल्या, भात आणि तळलेली मासळी पात्रात ठेवली.

"भंते, आज इथेच?"

"आज इथवर आलो."

"गुडघा का? गुडघाच असणार. बसचा तो क्लच दाबून दाबून गुडघा गेला, मी तेव्हाच सांगत होते."

भंतेंनी डोळे मिटले आणि आशीर्वादाचं पठण सुरू केलं. पठणाच्या मध्ये बोलायची सोय नसते. तिने ओळखलं की गुडघाच आहे.

पुढच्या आठवड्यात ते शाळेच्या फाटकाशी उभे राहू लागले. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुलाच्या अलीकडे. रोज परतल्यावर लमुन अंगणातल्या तुळशीएवढ्या छोट्या झाडाच्या बुंध्याशी पाण्याची धार सोडून पुण्य दुसऱ्याच्या नावे करी. इतकी वर्षं ते आईच्या नावे जाई. आता ती म्हणू लागली, "आई, तू थोडं थांब. हे सगळं दादाच्या गुडघ्याला."

"तुझं डोकं फिरलंय," वानपेन कुंपणावरून म्हणाली. "दुसऱ्या विहाराचे तरणेताठे भिक्षू आपल्या दारावरून जातात की! त्यांना वाढ. पुण्य तेवढंच."

"पुण्य तेवढंच असेल. भाऊ कुठाय त्यांच्यात?"

"मग गाडीवर जा!"

घरची गाडी त्या वेळी मुलगा घेऊन जाई, मिठाईची ताटं बाजारात पोचवायला. तरी एकदा भट्टीचा घोळ झाला, उशीर झाला, म्हणून लमुन वानपेनच्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून पुलापर्यंत गेली. भंते समोरून येत होते. त्यांनी मोटारसायकलकडे पाहिलं, लमुनकडे पाहिलं, भिक्षा घेतली आणि नेहमीपेक्षा जरा लांब पठण केलं. दुसऱ्या दिवशी ते पुलावर नव्हतेच. पूल ओलांडून, बाजार मागे टाकून, पार पलीकडच्या पिंपळाखाली उभे होते.

लमुनचा जीव खाली-वर झाला. आपण पुण्य करायला ऐटीत गाडीवर बसून गेलो, निम्मं पुण्य पेट्रोलातच जळलं, आणि त्याचा फटका बसला बिचाऱ्या दादाच्या गुडघ्याला. याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तिने पिंपळासमोर कान पकडले आणि पुन्हा गाडीचं नाव घेतलं नाही.

आता पिंपळापर्यंत जाऊन यायचं म्हणजे तास मोडायचा. तिने पहिल्या दिवशी सुनेला दहा सूचना दिल्या, दुसऱ्या दिवशी चार, आणि तिसऱ्या दिवशी विसरली. ताटं जळाली नाहीत. उलट सुनेच्या हातचं मोकेंग वरून जरा जास्त लालसर होई आणि गिऱ्हाइकं तेच मागू लागली, याचा लमुनला दोन दिवस राग आला. तिसऱ्या दिवशी तिने ते काम सुनेलाच देऊन टाकलं. चाखायचं कामही आपोआप तिच्याकडे गेलं.

आणि खरं सांगायचं तर तिला ती वाट आवडू लागली होती. शाळेजवळचा लंगडा कुत्रा तिला पुलापर्यंत सोडायला येई. पुलावर मासे पकडणारा म्हातारा रोज "काय आज?" विचारी आणि डब्यात काय आहे ते ऐकून स्वतःच जेवल्यासारखा मान हलवी. आधी पुलाचा चढ चढताना दोनदा थांबावं लागे; आता ती म्हाताऱ्याशी बोलत बोलत चढे. बऱ्याच वर्षांत दिवसातला एक तास असा आला होता की तिला कुणी हाक मारत नव्हतं. पण हे ती कुणाला सांगत नसे. भावाच्या दुखण्यावर आपण सुख करून घेतोय, असं तिला वाटे आणि मग ती आणखी मोठी धार सोडी.

वर्षावास संपायला दोन दिवस उरले असताना दवाखान्याची तारीख आली. डॉक्टरणीने कागद दोनदा वाचला.

"एकशे अठ्ठावीस! मावशी, कुठला व्यायाम करता?"

"व्यायाम? मला वेळ कुठे असतो, बाई?"

वजनाच्या काट्याशी आरोग्यसेविका प्रनोम बसली होती. नदीपलीकडे, शेतातल्या वस्तीवर तिचं घर. ती हसायला लागली. "मावशी रोज पिंपळापर्यंत चालत येतात. येऊन-जाऊन सहज साडेचार किलोमीटर. मी बघते ना."

"ते भंतेंच्या गुडघ्यामुळे," लमुन म्हणाली.

"कुठला गुडघा? तुमच्याकडची भिक्षा झाली की भंते आमच्या वस्तीवर येतात. तुमच्या घरापेक्षा लांब आहे ती! परवा माझा नवरा त्यांची पिशवी धरून बरोबर चालला, तर त्यालाच धाप लागली."

लमुन दवाखान्यातून निघाली ती तडक विहारात गेली. भंते अंगण झाडत होते. नमस्कार करायचा असतो हेही तिच्या लक्षात राहिलं नाही.

"दादा! तुझा गुडघा दुखतो की नाही, एकदाच सांग!"

भंतेंनी झाडू झाडाला टेकवला. "दुखतो, असं मी कधी म्हणालो?"

"दुखत नाही असं तरी कधी म्हणालास?"

"प्रश्नही तूच विचारलास, उत्तरही तूच दिलंस. लहानपणापासून तुझं हेच. मला तोंड उघडायला जागा ठेवलीस कुठे?"

"तीन महिने! तीन महिने मी तुझ्या गुडघ्यासाठी पाणी सोडतेय! आईला उपाशी ठेवलं मी!"

"म्हणून तर गुडघा बरा आहे," भंते म्हणाले. मग त्यांचं हसू ओसरलं. "लमुन, चाल असं तुला सगळ्यांनी सांगून झालं होतं. मी सांगितलं असतं तर माझंही सांगणं तू त्या सायकलीवर वाळत घातलं असतंस. भिक्षूला काही मागता येत नाही. त्याला फक्त पात्र घेऊन उभं राहता येतं. म्हणून उभा राहिलो. रोज तुझ्या दारात आलो की मला तो बाक दिसायचा गं."

लमुनला रडू आलं. तिने ते आवरलंही नाही. आपल्याला एवढं जपणारं कुणीतरी आहे, या विचाराने तिला इतकं बरं वाटलं की राग कुठे गेला ते कळलं नाही. मग तिला एकदम आठवलं, आपण उभ्या आहोत आणि भंतेंना अरेतुरे करतोय. ती तिथेच धुळीत बसली आणि तीनदा वाकली.

वर्षावास संपला. नेम पुरा झाला. दुसऱ्या सकाळी लमुन रोजच्या वेळी डबा घेऊन निघाली. नेम संपला, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. कुत्रा आला, म्हाताऱ्याला आज भोपळ्याची भाजी असल्याचं सांगून झालं, आणि ती पिंपळाखाली पोचली.

भंते नव्हते. तिने थोडी वाट बघितली, मग आणखी थोडी. आता खरंच काही झालं असेल तर?

तेवढ्यात वानपेन मोटारसायकल दामटत आली. "अगं बाई, तू इथे काय करतेयस? भंते तुझ्या दारात उभे आहेत! आज काय वाढू म्हणून तुझी सून रडकुंडीला आलीय. बस मागे, चल!"

लमुनने मोटारसायकलच्या सीटकडे बघितलं. मग पुलाकडे.

"तू हो पुढे. त्यांना म्हणावं, थांबा. मी चालत येते."

ती घरी पोचली तेव्हा भंते आईच्या बाकावर बसले होते, मांडीवर पात्र, दोन्ही तळपाय धुळीने माखलेले. तिला बघून ते उठले. तिने चपला काढल्या, भात वाढला, भोपळ्याची भाजी ठेवली. पठण संपेपर्यंत ती मुकाट्याने हात जोडून बसली.

"वर्षावास संपला," भंते म्हणाले. "आता पुन्हा इथवर यायला माझी हरकत नाही. उद्या कुठे उभा राहू, तूच सांग."

लमुन उठली. भट्टीकडून सुनेच्या मोकेंगचा वास येत होता. तिने बाकावरची धूळ हाताने पुसली, तीन महिन्यांच्या चालण्याने टणक झालेल्या आपल्या पायांकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या बाकावर टेकली, चपलेचा पट्टा लावण्यापुरती.

"पिंपळाखालीच," ती म्हणाली. "आणि उशीर करू नका. मला कामं आहेत."