मामीची गौर आणि समस्त नगरवासी

इंदूरजवळच्या बेटम्यात बातमी पायी फिरत नाही. ती रिक्षात बसून येते. रिक्षाच्या टपावर भोंगा, आत चालक, त्याच्या एका हातात हँडल आणि दुसऱ्यात माइक. उद्या नळ येणार नाहीत, अमक्या मोहल्ल्यातली भुरी बकरी हरवली, तमक्या घरी उठावणा म्हणजे तिसऱ्या दिवसाची शोकबैठक आहे, हनुमान मंदिरात भंडारा आहे, हे सगळं तो एकाच सुरात सांगतो. बकरीसाठी जितका गहिवर, तितकाच उठावण्यासाठी.

माझी मामी लग्न होऊन इथे आली तेव्हा शाळामास्तर आणि तहसीलीतले कारकून धरून मराठी घरांची एक अख्खी गल्ली होती. चैत्रात गौर बसली की रोज कुणा ना कुणाकडे हळदीकुंकू. मग मुलं इंदूरला गेली, पुण्याला गेली, मागोमाग आईबापही गेले. आता उरली दोन घरं. गेल्याच्या गेल्या वर्षी मामीकडे दोन बायका आल्या आणि त्यातली एक गुडघे दुखतात म्हणून दारातूनच परतली. उरलेली आंब्याची डाळ मामीने आठवडाभर मामांना वाढली. मामा अजून ‘कैरी’ शब्द ऐकला की चष्मा शोधायला दुसऱ्या खोलीत जातात.

गेल्या वर्षी चैत्र लागला आणि मामीचा फोन आला.

“शुक्रवारी हळदीकुंकू आहे. ये. यंदाचं शेवटचं.”

“शेवटचं म्हणजे?”

“म्हणजे पुढच्या वर्षी गौर बसवणार नाही. कुणासाठी बसवायची? तुझ्या मामांसाठी?”

मामी रडणाऱ्यातली नाही. पण दुकान बंद करताना शटर ओढतात ना, तसा तो आवाज होता. बायकोला सुटी मिळाली नाही, म्हणून मीच शुक्रवारी सकाळच्या बसने इंदूरहून निघालो. हळदीकुंकवाला पुरुषाचं काय काम, हा प्रश्न मला कधीच पडलेला नाही. जिथे चार माणसं जमतात तिथे माझं काम असतं.

घरी पोचलो तर गौर मखरात झुलत होती. पुढे कलिंगडाची कमळं, करंज्या, भिजवलेले हरभरे. मामीने वीस बायकांपुरती डाळ भिजवली होती. आशा म्हणजे काय, हे मला त्या पातेल्यात दिसलं.

“मामी, गावाला कळलं तर लोक येतील. आपण रिक्षावरून सांगू.”

“हळदीकुंकू रिक्षावरून? अरे, ते घरोघरी जाऊन सांगतात.”

“कुणाच्या घरी जाणार आहेस?”

 मामी मिक्सरचं भांडं घट्ट करत म्हणाली, “कर काय करायचं ते. पण नीट बोल.”

नीट! इंदुरात मी गणेशोत्सवापासून निवृत्तीच्या समारंभापर्यंत आणि एकदा शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या वाढदिवसापर्यंत सगळ्यांचं सूत्रसंचालन केलेलं आहे. चालकाने मला शेजारी बसवलं, माइक हातात दिला. मी म्हणालो, “माताओं और बहनों...”

“भिया, ‘समस्त नगरवासी’ तो बोलना पड़ेगा,” चालक म्हणाला. “नी तो कोई सुनता नी।”

मग मी बोललो. समस्त नगरवासी बोललो, पावन बेला बोललो, शीतल पना आणि कच्चे आम की स्वादिष्ट दाल बोललो. बसस्टँडपर्यंत जाऊन आलो. एका वळणावर स्वतःच्याच आवाजाने माझ्या अंगावर काटा आला.

आता गावाची रीत सांगतो, जी मला दुपारनंतर कळली. बेटम्यात घरचं आमंत्रण पायी येतं. बाई येते, पिवळ्या अक्षता ठेवते, दोन शब्द बोलून जाते. रिक्षावरून जे येतं ते गावाचं. आणि रिक्षावरून जेवणाखाणाचं नाव निघालं, की तो भंडारा, येईल त्याला पोटभर. यात शंकेला जागाच नाही.

पाच वाजता पहिला पाहुणा आला. स्टीलचा डबा घेतलेले एक आजोबा. त्यांच्या मागे मोटरसायकलवर एक कुटुंब, मग मंडईतले हमाल, मग अख्खी बसस्टँडची पानटपरी. रांग कोपऱ्यापर्यंत गेली. मामी रेशमी पातळ नेसून, हातात करंडा घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली.

“हे काय आहे?”

“समस्त नगरवासी,” मी म्हणालो.

“आता यांच्या काय ओट्या भरू?”

आजोबांनी डबा पुढे केला. मामीने त्यात चमचाभर डाळ घातली. आजोबांनी डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “इत्ती सी? भिया, ये भंडारा है कि होम्योपैथी?”

रांग हसली. मामीचं तोंड मात्र उतरलं. शेवटचं हळदीकुंकू, आणि गावात हसं. तिने करंडा माझ्या हातात दिला आणि आत वळली. खरं सांगतो, तेव्हा माझा आवाज गेला.

तेवढ्यात समोरच्या घरातली भाभी पदर खोचून आली. तिने मला बाजूला सारलं. “काकीजी, अंदर क्यों जा रही हो? बुलाया है तो पिलाओ! कैरी तो सबके घर में पड़ी है।” आणि ती गल्लीत वळून ओरडली, “ए, कैरी उबालो रे सब, और शक्कर लेते आना!”

चार घरांच्या शेगड्या पेटल्या. कुणी गूळ आणला, कुणी पुदिना, कुणी बर्फाची लादी. पाण्याच्या मोठ्या थंड जारमध्ये पन्हं कालवलं गेलं. पुरुषांची रांग ओट्यापाशी वळवली आणि तिथे मामांना पळी देऊन उभं केलं. इतकी वर्षं हळदीकुंकवाच्या दिवशी वाचनालयात दडून बसणारे मामा, “एकेक करके, भाई, एकेक करके!” असं खड्या आवाजात ओरडत होते. आजोबांनी तीन वेळा पन्हं घेतलं आणि होम्योपॅथीचा शब्द मागे घेतला.

बायका आत आल्या. सगळ्या माळव्यातल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या. इतकी वर्षं समोरासमोर राहून या घरात चैत्रात कधी आल्या नव्हत्या, कारण त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. त्यांना आपलं हळदीकुंकू काय कळणार, असं आमच्या गल्लीनं ठरवून टाकलं होतं. मामी अवघडून कुंकू लावू लागली. भाभी मखरापाशी गेली आणि एकदम थांबली.

“अरे, ये तो गणगौर है!”

सगळ्या पुढे सरकल्या. गणगौर म्हणजे त्यांची चैत्रातली गौर, तृतीयेला तलावावर नेऊन सासरी बोळवतात ती. एक म्हातारी वाकून पाहत म्हणाली, “हमारी गणगौर तो तीज पे ही सासरे गई। तमारी अब तक याँ बैठी है?”

मामीने पहिल्यांदाच मान वर केली. “बैठी नहीं है, माँजी। उसी तीज को हमारे यहाँ आती है। मायके। अखातीज तक रहती है।”

 भाभी खदखदून हसली. “लो! हम रो-रोके बिदा करते हैं, और वो सीधी काकीजी के यहाँ आके झूले में बैठ जाती है! पना पीने!”

त्या हसण्यात म्हातारीने गाणं धरलं, माळवी, गौरीला माहेरी बोलावण्याचं. दुसरीने उचललं. मामीला शब्द येत नव्हते, पण ती टाळ्या धरत होती. डाळ चिमूटचिमूट प्रसादासारखी वाटली आणि पुरली. मी दारात करंडा धरून उभा होतो. मला कुणीही विचारत नव्हतं, आणि आयुष्यात प्रथमच त्याचं काही वाटलं नाही.

यंदा चैत्रातल्या तिजेला मी मुद्दाम बेटम्याला गेलो. गौर बसवणार का, हे मामीला विचारायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी बायका डोक्यावर गणगौरी घेऊन तलावाकडे निघाल्या, वाजतगाजत. मामीच्या दारापाशी मिरवणूक थांबली. मामी पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. तिने एकेका गणगौरीला पाणी दाखवलं, कुंकू लावलं.

“काकीजी, भेज रहे हैं,” भाभी म्हणाली. “संभाल के रखना महीनाभर।”

“तुम बेफिकर जाओ,” मामी म्हणाली आणि घाईने आत वळली. “झोपाळा पुसायचाय अजून. पोरगी पोचेल एवढ्यात.”