दरवाजा उघडा ठेवून घेतलेली टेस्ट

"छताला भोक पडणार न्हाई. विषय संपला."

पांडुभाऊ शिडीवर होते आणि मी खाली, हातात ड्रिल मशीन घेऊन. पांडुभाऊ आमच्या चाकणच्या शेडचे फोरमन. चाकण आणि राजगुरुनगरच्या मधल्या एका गावचे. तीस वर्षं गाड्यांच्या बॉड्या बांधतायत. त्यांच्या हातची गाडी पावसात गळली असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

"भाऊ, एकच भोक. अँटेनाची वायर वर काढायची आहे."

"एका भोकानंच गळतं. दहा भोकं लागत न्हाईत."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो आणि ड्रिल खाली ठेवलं. हे सगळं लिहायचं कारण म्हणजे मी ते ड्रिल खाली ठेवलं.

मी राजगुरुनगरच्या कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर शेड. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील चाकणला एका गोडाऊनमध्ये लोडिंगचं काम करतात. शेडमध्ये मला इलेक्ट्रिकलच्या हाताखाली घेतलं होतं, पण 'कॉम्प्युटरवाला' म्हटल्यावर कॅमेरा, जीपीएस, स्क्रीन असं सगळं हळूहळू माझ्याकडे आलं. माहीत नसलेल्या गोष्टीला 'माहीत नाही' म्हणायला मला जड जायचं. घरी जाऊन मोबाइलवर शोधायचो आणि दुसऱ्या दिवशी माहीत असल्यासारखं करायचो.

आमच्याकडे बहुतेक काम स्कूल बस आणि ॲम्ब्युलन्सचं. कधीतरी एखादी मोटरहोम येते. मोटरहोम म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची, बाथरूमची सोय असलेली गाडी, चाकांवरचं घर. ही गाडी मोरे काकांची होती. जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन त्यांनी आमच्याकडे आणली होती.

काका मूळचे औशाकडचे. भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. प्रेस शॉप म्हणजे जिथे मोठमोठ्या मशीन पत्र्यावर आपटून पार्ट काढतात. दिवसभर तो आवाज. त्यात त्यांचे कान गेले. जाड आवाज थोडेफार ऐकू येतात, बारीक अजिबात नाही. कानाचं मशीन घेतलं होतं, पण त्यानं डोकं दुखतं म्हणून ते खिशातच असायचं.

पहिल्या दिवशी आमचे मालक देवकर सर, काका आणि मी गाडीत उभे होतो. सरांनी मला पुढे केलं. "इंटरनेटचं हा बघेल. हुशार आहे."

"काका, इंटरनेट कशासाठी पाहिजे? पिक्चर वगैरे बघायला?"

"आं? मोठ्यानं बोल बाबा."

मी ओरडून विचारलं.

"पिक्चर कुठला! बायकोसाठी पाहिजे."

काकूंची फुप्फुसं कडक होत चालली होती. चोवीस तास ऑक्सिजन. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन घरी होतं. बोटाला एक क्लिप, तिच्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा. आकडा उतरला की मशीन वाजायचं. पण ते वाजायचं बारीक, टी टी टी असं, आणि नेमका तोच आवाज काकांना येत नव्हता. म्हणून त्यांच्या मुलीनं, वैशालीताईनं, सोय केली होती. क्लिपवरचा आकडा वायफायवरून पेशंटवर लक्ष ठेवणाऱ्या एका सेंटरला जायचा. आकडा खाली गेला की सेंटरकडून काकांच्या फोनवर मेसेज, आणि मनगटावरचं घड्याळ थरथरायचं. ताईच्या फोनवरही आकडा दिसायचा, पण ती चाकणच्या एका प्लँटमध्ये लाइनवर. तिथे मोबाइल गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे खरा भरवसा घड्याळाचा.

काकूंना एकदा माहेरी जायचं होतं. औशाच्या पुढे भावाचं घर. साध्या गाडीत इतका वेळ बसवत नव्हतं.

"घरात हे घड्याळ माझे कान हाय बघ," काका म्हणाले. "गाडीतबी तेवढं पाहिजे. दुसरं काही नको."

मी वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे माझ्याकडे.

पुढचे आठ दिवस मी राउटर शोधत होतो. प्रवासासाठी ढोबळ तीन सोयी असतात. पहिली, फोनचाच हॉटस्पॉट. फोन बंद पडला किंवा कुणी उचलून बाहेर नेला की संपलं. दुसरी, खिशात मावणारा छोटा राउटर, ज्याला लोक डोंगल म्हणतात. त्यात एक सिम आणि बॅटरी असते. पण उन्हात गाडी तापली की हे कधी कधी स्वतःच बंद होतात. तिसरी, गाडीसाठीच बनवलेला राउटर. तो गाडीच्या बॅटरीवर चालतो, त्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम बसतात. एकीचं नेटवर्क गेलं की तो आपोआप दुसरीवर जातो. त्याला बाहेरून अँटेनाही जोडता येते.

मी तिसरा निवडला. आजही मला वाटतं, निवड बरोबर होती.

त्याच्या माहितीपुस्तकात चौथ्या पानावर लिहिलं होतं की धातूच्या बॉडीच्या गाडीत अँटेना बाहेर, छतावर बसवावी. मी ते वाचलं होतं. म्हणूनच ड्रिल घेऊन गेलो होतो.

"भोक नको असलं तर आतली अँटेना पण आहे," मी पांडुभाऊंना सांगितलं. "बॉक्समध्ये दोन दांड्या येतात."

"मग झालं की. कशाला वर नाचतो?"

राउटर पलंगावरच्या कपाटात बसवला. कपाट पत्र्याचं, वरून लॅमिनेट. आमच्याकडे पद्धतच आहे, वायर आणि डबे दिसता कामा नयेत. गिऱ्हाईक फिनिशिंग बघतं. मी कपाटाचं दार लावलं आणि फोनवर बघितलं. नेट पूर्ण. स्पीडही चांगला. सरांना दाखवलं.

"ओके आहे ना?"

"ओके आहे सर."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा मला दिसत असूनही दिसली नाही. आमच्या शेडमध्ये कुठल्याही गाडीचं दार बंद नसतं. आत लॅमिनेट आणि फोम चिकटवायला सोल्युशन वापरतात. त्याचा वास इतका असतो की दार लावलं तर माणसाला चक्कर येईल. म्हणून मागची दोन्ही दारं सताड उघडी, सरकतं दार सुतळीनं बांधलेलं, खिडक्या सरकवलेल्या. राजगुरुनगरपर्यंत ट्रायल मारायला गेलो तेव्हाही वास गेला नव्हता. सरकतं दार बांधूनच गेलो. मी हातात फोन धरून बसलो होतो, नेट एकदाही तुटलं नाही. मी वहीत लिहिलं, 'ट्रायल ओके.'

गाडी न्यायच्या दिवशी काकू आल्या होत्या. बारीक बाई, नाकाला नळी. वैशालीताईनं नारळ फोडला. काकूंनी पलंगावर हात फिरवून बघितला आणि मला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज इतका हळू होता की मला वाकावं लागलं.

"यांना ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही," त्या म्हणाल्या. "आमची जोडी बघ."

आणि हसल्या. हसताना त्यांना धाप लागली.

मग दारं लागली. खिडक्या लागल्या, एसी सुरू झाला. त्या गाडीची सगळी दारं एकाच वेळी बंद झालेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मी हात हलवला. काचांना उन्हाची काळी फिल्म होती, आतलं काही दिसलं नाही.

नगर सोडून जामखेडच्या दिशेला लागलं की टॉवर लांब लांब होत जातात. दुपारची वेळ होती. काकू जेवून भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. काका समोरच्या सीटवर, खिडकीबाहेर बघत. ड्रायव्हर पुढे, मध्ये बंद पार्टिशन. खड्ड्यांमुळे पलंगाखाली, गाडीत बसवलेल्या मशीनपासून येणाऱ्या ऑक्सिजनच्या नळीचा जोड सुटला. आकडा उतरला असणार. मशीन वाजलं असणार. घड्याळ थरथरलं नाही.

चहाच्या सुट्टीत वैशालीताईनं लॉकरमधून फोन काढून बघितला. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात ९४. तिला वाटलं, आई झोपली आहे, बरं आहे. तो आकडा नगरजवळ आलेला, शेवटचा होता. तो किती वाजताचा आहे हे खाली बारीक, राखाडी अक्षरात लिहिलेलं होतं. कनेक्शन तुटल्याचा मेसेज सेंटरनं पाठवला होता, पण तो काकांच्या फोनवर, आणि काकांचा फोन त्याच राउटरच्या वायफायवर, त्याच बंद गाडीत. नेट नाही हा निरोप नेटवरूनच यायचा होता. असं झालं तर काय, हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता.

काकांनी पाणी द्यायला म्हणून काकूंना हलवलं तेव्हा कळलं. जामखेडला नेलं, तिथून नगरला. पाचव्या दिवशी काकू गेल्या. माहेर राहिलं.

हे सगळं आम्हाला ताईच्या फोनवरून तुकड्या तुकड्यांनी समजलं. तिनं कुणाला दोष दिला नाही. डॉक्टर म्हणाले होते की आजार खूप पुढे गेला होता, आधी कळलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येणार नाही.

पंधरा दिवसांनी ड्रायव्हरनं गाडी आणून शेडमध्ये लावली. पलंग आणि मशीनचं स्टँड काढायचं होतं. सगळे जेवायला गेल्यावर मी आत गेलो. राउटर सुरू केला. फोनवर नेट पूर्ण. मग खिडक्या लावल्या. मागची दारं ओढली. सरकतं दार लावलं.

फोनवर राउटरच्या सिग्नलची एक रेघ राहिली. मग तीही गेली.

पत्र्याची बॉडी, आत उष्णता अडवायला लावलेला चंदेरी फॉइलचा थर, काचांवर धातूचा अंश असलेली फिल्म, आणि त्यात पत्र्याचं कपाट. डब्यात डबा ठेवून मी त्यात अँटेना ठेवली होती. चाकणसारख्या ठिकाणी हे, मग जामखेडकडे काय झालं असेल. मी दार उघडलं, नेट आलं. परत लावलं, गेलं. असं किती वेळा केलं ते आठवत नाही.

सरांच्या केबिनमध्ये गेलो. सांगितलं. 

"हे अजून कुणाला बोललास?"

"नाही सर."

"बोलू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय ना, आजारच तसा होता? मग आपण कशाला म्हाताऱ्याच्या डोक्यात किडा सोडायचा?"

"पण सर..."

"कॉलेज करतोयस ना? ते कर नीट."

मी बाहेर आलो. पांडुभाऊ दाराशीच उभे होते, त्यांनी ऐकलं होतं. ते संध्याकाळपर्यंत एका ॲम्ब्युलन्सच्या पत्र्याला पॉलिश मारत राहिले, ज्याला आधीच पॉलिश मारून झालं होतं.

शनिवारी मोरे काका आले. पलंग काढताना बघत उभे राहिले. मी ठरवलं होतं की त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायचं. रात्रभर वाक्यं जुळवली होती.

"काका, एक बोलायचं होतं."

"आं?"

"नेटचं... माझी चूक झाली."

"मोठ्यानं बोल बाबा. मशीन घातलं नाही."

शेडमध्ये ग्राइंडर बंद होते, चहा आला होता. सगळे होते. सर केबिनच्या काचेमागे. हळू आवाजात कबूल करायची सोयच नव्हती.

"माझी चूक झाली!" मी ओरडलो. "मी टेस्ट दार उघडं ठेवून घेतली! दार लावलं की नेट जातं! अँटेना छतावर पाहिजे होती, मला माहीत होतं, मी लावली नाही!"

कुणाच्या तरी हातातला कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

काका माझ्या ओठांकडे बघत होते. मग गाडीकडे बघितलं.

"मी शेजारीच बसलो होतो रे," ते म्हणाले. "हात लांब केला असता तर लागला असता. बाहेर ऊस बघत बसलो. घड्याळ हाय म्हणून."

त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला.

"ही गाडी भोसरीच्या एका दोस्ताला द्यायलोय," काका म्हणाले. "त्याच्याबी घरात पेशंट हाय. आधी ते भोक पाड."

मी ड्रिल आणायला वळलो. पांडुभाऊ आधीच शिडीवर चढले होते. "दे इकडं," ते म्हणाले. भोक त्यांनीच पाडलं, रबराचं वायसर घातलं, चारी बाजूंनी सीलंट भरलं. मग पाइप घेऊन अर्धा तास छतावर पाणी सोडलं. एक थेंब आत आला नाही. मी ड्रिल घेऊन उभा होतो त्या दिवशीही तो आला नसता, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. पाइप गुंडाळून ते घरी गेले.

अँटेना जोडली. काका म्हणाले, "मी आत बसतो. तू लाव दारं." त्यांच्या मनगटावर ते घड्याळ अजून होतं. मी सगळी दारं लावली, खिडक्या लावल्या आणि बाहेरून त्यांच्या फोनवर मेसेज पाठवला.

आतून काहीच हालचाल नाही. काळ्या काचेतून दिसत नव्हतं. मी दाराच्या कडीला हात घातला, तेवढ्यात दार आतून सरकलं. काका दुसऱ्या हातानं मनगट धरून उभे होते.

"आलं," ते म्हणाले. आणि घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "गाडीसंगं देऊन टाक."

मी अजून त्याच शेडमध्ये काम करतो. सरांनी काढलं नाही, त्या विषयावर बोललेही नाहीत. राउटरबद्दल कुणी विचारलं तर सांगतो, दोन सिमचा घ्या, अँटेना छतावर लावा. मग गाडीत बसा, सगळी दारं लावा आणि तेव्हा फोन बघा. शेवटी नेट मुद्दाम बंद करा आणि ते बंद झाल्याचं तुम्हाला कोण सांगतं ते बघा. कुणीच सांगत नसेल, तर पेशंटकडे तोंड करून बसा.