चाकू हातात देऊ नये

आमच्या घरात चाकू कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. हातात दिला की भांडण होतं, असं बाबांचं म्हणणं. पन्नाशी ओलांडली तरी मी हे पाळतो. ऑफिसात कुणी कात्री मागितली तर ती टेबलावर ठेवून हात मागे घेतो. लोक मला सज्जन समजतात. खरं म्हणजे मी भांडणाला घाबरणारा माणूस आहे आणि पुढची सगळी हकीकत त्याच भित्रेपणाची आहे.

बाबांकडे एक घडीचा चाकू होता. रायपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली, तिथे सुतळ्या कापायला घेतलेला. शिसवी मूठ, तिला पितळेचे तीन खिळे आणि घासून घासून निम्म्यावर आलेलं काळं पातं. निवृत्तीनंतरही तो सदऱ्याच्या खिशातच राहिला. जेवणानंतर जाम, म्हणजे पेरू, कापायचा तर त्याच चाकूने, नातीच्या पेन्सिलीला टोक काढायचं तर त्याच चाकूने. काम झालं की पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं, मिटायचा. मिटताना जो टक् असा आवाज यायचा त्यावरून मला दुसऱ्या खोलीत कळायचं की बाबांचं खाणं झालं.

दसऱ्यानंतर मला ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी विमानाने पुण्याला जायचं होतं. निघताना बॅगेच्या चेनमध्ये दोरा अडकला. बाबा आंघोळीला गेले होते. मी खुंटीवरच्या सदऱ्यातून चाकू काढला, दोरा कापला आणि चाकू परत खिशात ठेवण्याऐवजी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला. काहून टाकला म्हणाल, तर मला अजून माहीत नाही. टाकला आणि विसरलो.

विमानतळावर तपासणीच्या यंत्राने तो बरोबर शोधून काढला.

"ये क्या है?" जवानाने विचारलं.

"चाकू," मी म्हणालो.

"वो तो दिख रहा है."

मागे मोठी रांग होती. विमानाला तासाभराहून जास्त वेळ होता. बाहेर जाऊन, बॅग सामानात टाकून परत येता आलं असतं. पण रांगेतली माणसं बघत होती, एका बाईंनी पोराला जवळ ओढून घेतलं आणि मी घाईघाईने म्हणालो, "रख लीजिए." नेलकटर आणि लायटर पडलेल्या एका टोपलीत बाबांचा चाकू गेला. मी पट्टा परत कमरेला लावला आणि कॉफी प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा घरात शोधाशोध चालली होती. गादी उलटी, ट्रंक उघडी, बाबा पलंगाखाली अर्धे.

"माहा चाकू पाह्यला का रे?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी बूट काढत म्हणालो, "नाही बाबा. असेल इथेच कुठेतरी."

"मीच ठेवला असन कुठी तरी," बाबा गुडघ्यावर हात देत उठले. "डोकं काम नाही करून राहिलं आजकाल."

मला वाटलं, सुटलो. मग मनाशी ठरवलं की अगदी तसाच, किंबहुना त्याहून चांगला चाकू आणायचा, त्यांच्यासमोर ठेवायचा आणि मग हसत हसत खरं सांगायचं. माझ्यासारखी माणसं चूक कबूल करायच्या आधी तिची भरपाई करायला धावतात, कारण भरपाई चालू असेपर्यंत कबुली लांबवता येते.

मी अभ्यासाला लागलो. पोलादाचे प्रकार, कडकपणाचे आकडे, पातं उघडल्यावर ते घट्ट धरून ठेवणाऱ्या खटक्याच्या सहा पद्धती. व्हिडिओ बघितले. त्यांत दाढीवाले परदेशी पुरुष जंगलात एकटे राहून हरीण सोलत होते. मी नव्या रायपुरात एसीत बसतो, सगळ्या फायली कॉम्प्युटरवर आहेत, कापायला तिथे साधी फाइलची लेससुद्धा उरलेली नाही. तरी हरीण सोलायला कोणतं पातं बरं याबद्दल माझं ठाम मत तयार झालं. शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यांत रात्रंदिवस लोखंड वितळतं, त्याची काळी धूळ आमच्या गच्चीवरच्या वाळवणावर बसते आणि मी जपानी पोलादाच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचत बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

पहिला चाकू घरपोच मागवला. अकरा अवजारं असलेला. कात्री, पेचकस, बाटली उघडायची आकडी, माशाचे खवले काढायची पट्टी. आम्ही मासे खात नाही. मुलीने एकेक अवजार उघडून बघितलं आणि विचारलं, "पापा, इसमें चाकू किधर है?" चाकू होता, सातवा. तो उघडायला माझं नख तुटलं. दुसऱ्या दिवशी एक पार्सल फोडलं तर सगळी अवजारं सांध्यातच सैल झाली आणि हलवलं की खुळखुळायला लागली. तो मी कपाटात सर्वात वर ठेवला, बाबांना दिसू नये म्हणून.

इकडे बाबा शोधत होतेच. आधी चाकू शोधायचे, मग चाकू विसरायला लावणारं डोकं शोधायला लागले. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी करून ठेवली: चष्मा कपाटावर, गोळ्या डब्यात, पेन्शनचं पुस्तक ट्रंकेत. घराची किल्ली माझ्या बायकोच्या स्वाधीन केली. "माह्या जवळ नको सूनबाई, मी हरवीन." संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर त्यांची म्हाताऱ्यांची बैठक असायची, दोन गल्ल्या सोडून. तिथे जाणं बंद केलं. बायकोने काहून म्हणून विचारलं तर म्हणाले, "रस्ता विसरलो तर?"

आयुष्यभर याच पाऱ्यात, याच मोहल्ल्यात राहिलेला माणूस. मी हे ऐकलं आणि उठून लॅपटॉप उघडला. पोलाद गंजू नये म्हणून त्यात काय मिसळतात, ते मला त्या संध्याकाळी फार महत्त्वाचं वाटलं. आज लिहितानाही त्या लॅपटॉपची लाज वाटते.

शेवटी गोलबाजारातल्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याहून म्हातारा. मी त्याला पोलादाचे दोन-तीन आकडे ऐकवले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "काटना क्या है?"

"रोज के इस्तेमाल का चाहिए."

"तो रोज क्या काटते हो?"

मी विचार केला. रोज मी काहीच कापत नाही. "पिताजी के लिए है," मी म्हणालो.

"पहले बोलना था ना!" त्याने चकचकीत चाकूंचा ट्रे आत सारला. "अंगूठे में कितनी जान है उनके?"

सगळ्या अभ्यासात हा प्रश्न मला कुठे भेटला नव्हता. त्याने एक साधा चाकू काढला. लाकडी मूठ, पात्यावर नख अडकेल एवढी खाच, उघडायला हलका आणि मिटताना बोटावर न आदळणारा. उघडून त्याने पातं डावीकडे-उजवीकडे हलवून बघितलं. ते जागचं हललं नाही. "धार तो घिसते-घिसते भी चलती है साहब," तो म्हणाला. "चाकू मरता है तो जोड़ से मरता है." आणि माझ्या हातात न देता त्याने तो काउंटरवर ठेवला. मी उचलला.

आता तरी थेट घरी जाऊन द्यावा की नाही? पण मला वाटलं, टिकतो की नाही हे आधी बघायला हवं. म्हणून तो खिशात घालून रोज ऑफिसला न्यायला लागलो. गेटवरच्या गार्डने पहिल्याच दिवशी जमा करून घेतला; टिकला तर बाबांना द्यायचा आहे, हे मी त्याला सांगितलं. मग रोजचंच झालं. सकाळी चाकू त्याच्या खणात, संध्याकाळी माझ्या खिशात. रोज जवळ बाळगायचा म्हणून निवडलेला चाकू मी रोज गेटपर्यंत बाळगत होतो. तो खरा वापरला गार्डने. थंडीचे दिवस, बिहीचा मोसम. बिही म्हणजे इकडचा जाम. तो दुपारी चार-चार कापायचा, दोऱ्या कापायचा, एकदा खुर्चीचा पायसुद्धा त्याने तासला होता.

"कैसा है?" मी महिनाभराने विचारलं.

"हव साहब, बढ़िया काटथे. जोड़ हिला नहीं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "फिर आप किस बात के लिए रुके हो?"

मी हसून गाडीत बसलो.

त्या शनिवारी बाबांची डॉक्टरकडे वेळ घेतली होती. मेंदूच्या डॉक्टरकडे. मला न सांगता बाबांनी नातीला नंबर लावायला सांगितलं होतं; मला ते आदल्या रात्री तिच्याकडून कळलं. सकाळी मी बेसिनपाशी दाढी करत होतो आणि न्हाणीघराच्या दाराआडून त्यांचा आवाज येत होता. पाण्याच्या आवाजात ते काहीतरी पाठ म्हणत होते.

"डोंगरगढ... सालेकसा... आमगाव... गोंदिया... तिरोडा... तुमसर रोड..."

रायपूर ते नागपूर स्टेशनं. डॉक्टरने विचारलं तर यावं म्हणून. तुमसर रोडनंतर ते थांबले. बराच वेळ नळ वाहत राहिला. मग घाबरल्यासारख्या आवाजात "भंडारा रोड" आलं आणि पुन्हा पहिल्यापासून, रायपूरपासून सुरुवात झाली.

माझा हात थांबला. अर्ध्या गालाला फेस तसाच. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माझा बाप माझ्या विसरभोळेपणाची परीक्षा द्यायला निघाला होता, आणि मी तीन महिने त्याला अभ्यास करू दिला होता. रडू आलं मला. तोंड न धुताच पँटच्या खिशातला चाकू घेऊन बाहेरच्या खोलीत आलो.

बाबा इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी येऊन बसले तेव्हा मी चाकू त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी उचलला. नखाने उघडला, पातं हलवून बघितलं, कानाजवळ नेऊन मिटला. टक्.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पण हा माहा नाही."

"तुमचा मी नेला होता बाबा. पुण्याला जाताना. विमानतळावर काढून घेतला."

बाबा बघतच राहिले. मला वाटलं आता चाकूचं विचारतील. त्यांनी चाकूचं विचारलंच नाही.

"म्हंजे मी नाही विसरलो?"

"नाही."

"खिशातच होता?"

"सदऱ्याच्या खिशातच होता. तुम्ही ठेवला तिथेच."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मग एकदम मोठ्याने हाक मारली, "सूनबाई! ऐकलं का? मी नाही विसरलो!" बायको स्वयंपाकघरातून पळत आली, कणकेचे हात घेऊन. "मी नाही विसरलो वो, हा विसरला! त्या डॉक्टरचा नंबर राहू दे, ह्याले दाखवून आनू."

ती हसली आणि माझा फेसाळलेला चेहरा बघून हसता हसता थांबली. मी मान खाली घातली.

"तुले किती दिवसापासून मालूम होतं?" बाबांचा आवाज आता वेगळा होता.

"तीन महिने."

"आन् मी इथं स्टेशनं घोकून राहिलो."

ते उठले. टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आले, मिटलेला चाकू तळहातावर घेऊन हात माझ्याकडे केला.

"घे."

"बाबा, खाली ठेवा ना," मी म्हणालो. "हातात दिला की भांडण होतं."

"म्हनूनच देऊन राहिलो. घे हातात."

मी हात पुढे केला. त्यांनी चाकू माझ्या तळव्यावर ठेवला आणि वरून आपल्या मुठीने दाबला. अंगठ्यात चांगली जान होती. मग बाबांनी भांडायला सुरुवात केली, माझ्या तिसरीतल्या फुटलेल्या पाटीपासून. मधलं एकही वर्ष ते विसरले नव्हते.