रस्टीच्या कपाळावरचा चिमटा

आमच्या गावात एल्डन स्नावेलीला कॉफी फुकट मिळायची, ती त्याच्या एका गोष्टीमुळे. हॉटेलात कोणी परगावचा माणूस टेकला, की एल्डन शेजारच्या स्टुलावर सरकायचा आणि सुस्कारा सोडायचा.

"माझ्याकडे बेसबॉलवाल्या रस्टी कोवाल्चिकचं, त्याच्या पहिल्या मोसमाचं, फोटोचं कार्ड होतं, साहेब. कोरं करकरीत! मी सैन्यात गेलो आणि आईनं अख्खी पेटी कचऱ्यात टाकली. आज त्या एका कार्डावर घर बांधलं असतं."

ऐकणारा हळहळायचा आणि त्याच्या कॉफीचे पैसे देऊन टाकायचा.

पेनसिल्व्हेनियात त्याच्या वयाच्या निम्म्या पुरुषांची हीच रड आहे, हे खरं. पण एल्डनसारखी रंगवून कोणी सांगत नसे. दरवर्षी ते कार्ड थोडं अधिक चकचकीत व्हायचं आणि आई थोडी अधिक दुष्ट. पुढे बेसबॉल कार्डांच्या किमती आभाळाला भिडल्या, तेव्हा तर लोक वाणसामानाच्या दुकानात त्याच्या आईला, व्हर्डीला, गाठून विचारायला लागले, "खरंच फेकलीस गं पोराची कार्डं?"

"नाही हो फेकली," ती म्हणायची. विश्वास कोण ठेवणार?

"माझ्या थडग्यावर हेच कोरतील बघ, मेबल," ती मला म्हणाली. "हिनं रस्टीला कचऱ्यात टाकलं. मरायच्या आधी एकदा त्या कार्ट्याच्या तोंडून ऐकायचंय, की मी फेकली नव्हती."

आता एल्डनचा धंदा सांगते. घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करायचा तो. काम चोख. जिल्ह्यातल्या कुठल्याही तळघरात रांगत जाईल, पण आईची भट्टी खोकायला लागली की म्हणणार, "पुढच्या आठवड्यात बघतो, आई." शेवटी गारठून व्हर्डीनं शेजारच्या गावचा माणूस बोलावला. त्यानं भट्टीमागे हात घातला आणि काजळीनं माखलेली सिगारची पेटी बाहेर काढली. आत तीच कार्डं! धाकट्या भावाच्या हाती लागू नये म्हणून एल्डननंच तिथे दडवलेली, आणि साफ विसरलेली.

"जा, दे नेऊन त्याच्या हातात," मी म्हटलं.

"दिली तर म्हणेल, तूच लपवली होतीस. त्यापेक्षा चारचौघांसमोर विकत घेऊ दे."

पेटी ओळखेल म्हणून आम्ही कार्डं बुटांच्या खोक्यात ओतली आणि चर्चच्या तळघरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत माझ्या टेबलावर मांडली. पलीकडच्या टेबलावर व्हर्डी काकवी भरून भाजलेला 'पाय' नावाचा गोड पदार्थ कापत उभी राहिली. सुरी हातात, कान इकडे.

एल्डन दार उघडायच्या आधीपासून पायऱ्यांवर उभा होता. आत आला आणि खोकं दिसताच त्याचा चेहरा असा मख्ख झाला, की मला हसू आवरेना. त्यानं एक मोडकं वॉफलचं यंत्र उचलून खोक्यावर ठेवलं.

"या यंत्राचे काय घ्याल, मिसेस ओबर? आणि खाली हे काय... पत्ते आहेत वाटतं?"

"असतील बाबा, मला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं. "यंत्राचे दोन, खोक्याचे वीस."

"वीस? जुन्या पुठ्ठ्याचे?"

"मग यंत्र एकटंच ने."

वीस मोजले त्यानं. बाहेर जाण्याइतकाही दम नव्हता. कॉफीच्या टेबलावर बसून झाकण उघडलं, भराभर कार्डं चाळली आणि एकदम थांबला.

रस्टी कोवाल्चिक! पहिल्या मोसमाचा.

पण रस्टीच्या कपाळावर कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा खोल वण होता आणि कडा मांजरानं चावल्यासारख्या. सायकलच्या आऱ्यांत अडकवून टर्रर्र वाजवलेलं कार्ड. मागे संघाचं नाव खोडून पेन्सिलीनं नवा संघ लिहिलेला. रस्टीला दुसऱ्या संघानं घेतलं, तेव्हा नऊ वर्षांच्या एल्डननं केलेली दुरुस्ती.

व्हर्डी पायची बशी घेऊन आली. "मिळालं का रे काही?"

"छे," एल्डन खोकं मिटत म्हणाला. "कुणा गाढवानं सायकलला लावून वाट लावलीय."

"अगं बाई! कोण असेल तो गाढव?"

आजूबाजूचे सगळे काटे बशीवर थांबले. निम्म्या तळघराला आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. असली गोष्ट पोटात राहते होय? एल्डननं सगळ्यांकडे पाहिलं, मग दाराकडे, मग आईकडे.

"कुठे सापडली?" त्यानं हळूच विचारलं.

"माझ्या भट्टीच्या मागे. पुढच्या आठवड्यात बघणार होतास ना, त्या भट्टीच्या."

कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या त्याच्या. "तू फेकली नव्हतीस, आई," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल, राजा. हल्ली मला कमी ऐकू येतं." बाईला दोन घरांपलीकडची भांडणं ऐकू येतात!

एल्डन उठून उभा राहिला. "माझ्या आईनं कार्डं फेकली नव्हती! मीच लपवली आणि मीच नासवली! झालं समाधान?"

टाळ्या पडल्या. व्हर्डीनं पायचा आणखी एक तुकडा त्याच्या बशीत सारला. जाताना तो माझ्याकडे वळला. "ते वीस डॉलर..."

"विकलेला माल परत नाही. पाटी वाच."

रस्टीचं कार्ड मात्र त्यानं आईच्या हातात ठेवलं. "तूच ठेव हे."

तिनं ते ठेवलं, कपाटात नव्हे. आता व्हर्डी वाणसामान आणायला निघाली, की तिच्या दोन चाकी पिशवीगाडीच्या आऱ्यांत रस्टी असतो, त्याच जुन्या वणावर चिमटा लावून. एल्डनच्या दुकानासमोर ती मुद्दाम झपझप पावलं उचलते. टर्रर्रर्र! आतून स्पॅनर पडल्याचा आवाज येतो.