बसम्मांची तळघरातली न्हाणी

आमच्या सासूबाई बसम्मा इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाहीत, आणि आंघोळीशिवाय पूजा नाही. खुबा मोडला, तरी नेम मोडला नाही.

लातूर जिल्हा झाल्यानंतरचा दुष्काळ होता. आमच्या आडतीच्या तळघरात ज्वारीचं पोतं उरलं नव्हतं. माडीवरचे पत्रे तापतात म्हणून सासूबाईंनी खाट त्या रिकाम्या तळघरात थंडाव्याला लावून घेतली. शौचाच्या भांड्याचं मी बघायचे. आंघोळीला मात्र रोज आमचे मालक आणि धाकटे दीर मलप्पा त्यांना खुर्चीसकट माडीवर न्यायचे. जिना अरुंद. भाऊ मधेच भांडायचे आणि सासूबाई खुर्चीत शिवनाम घ्यायच्या, भक्तीनं कमी, भीतीनं जास्त.

एके दिवशी म्हणाल्या, "लेकांनी मला न्हाणीच्या दारात नेऊन ठेवायचं? खालीच न्हाणी बांधा."

मालकांनी बांधली. फरशीवर गोटी सोडली, ती घरंगळत मोरीत गेली. झाले मालक इंजिनेर. आता जिल्ह्याचं गाव म्हणून रस्त्यात नवी गटार झाली होती, ती आमच्या मोरीपेक्षा पुरुषभर वर. मोरीचा पाइप भिंतीतून चढवून तिला जोडला. गवंडी कुरकुरला, तर मालक म्हणाले, नळाचं पाणी माडीवर चढतं की, मोरीचं का न्हाई? ओतून बघावं, तर प्यायलाच पाणी नव्हतं.

नवी वास्तू म्हटल्यावर जंगमांची पाद्यपूजा आलीच. टँकर आला त्या दिवशी आमच्या जंगमांना, गुरुबसय्यांना, न्हाणीतच पाटावर उभं केलं. मलप्पांनी पायांवर घागर ओतली. पाणी मोरीत घुटमळलं आणि पाटाभोवती साचलं. तेवढ्यात टँकरच्या पाण्यावर अख्ख्या गल्लीनं धुणी काढली, गटार भरली आणि पाइपातून काळं पाणी खाली आलं. त्यातलं गुरूच्या पायांचं पादोदक कोणतं आणि गल्लीचं कोणतं, ते शिवालाच ठाऊक. गुरुबसय्या धोतर गुडघ्यावर धरून पाटावर. मी हात जोडलेले तसेच ठेवले. त्या दिवशी तीर्थ कुणी मागितलं नाही.

न्हाणीला कुलूप लावू, अव्वाला आपण वरच नेऊ, असं भावांचं ठरलं. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "मला इतके दिवस उचललात. आता पाणी उचला. मी खालीच न्हाणार."

पाइपात बोळा ठोकला, मोरीखाली खड्डा काढून सिमेंटचा लेप दिला. सकाळी सासूबाईंची अर्ध्या बादलीची आंघोळ, मग दोघे आडते ते पाणी बादलीनं जिन्यावरून वर नेणार. दुकानातले हमाल म्हणाले, मालक, आमच्या टोळीत या. आठवडाभरात मालकांनी हैदराबादहून खड्ड्यातलं पाणी उपसून वर गटारीत टाकणारी मोटर आणली. लाइट असली की मोटर चालते, नसली की भाऊ चालतात.

आज लाइट नव्हती. मलप्पा बादली घेऊन दाराशी उभे. आता भिंतीला धरून चालणाऱ्या सासूबाईंनी आतून कडी लावलेली. "अव्वा, झालं का?" म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. आतून नुसतं तांब्यानं पाणी घेतल्याचा आवाज आला.