ब्रॅमली काउंटीतले वाफे

संजनानं माऊसचं चाक फिरवून फोटोतलं छप्पर आणखी मोठं केलं. मोठं केलं तरी एवढंसंच. अर्ध्यावर झाडाची सावली, दारात गाडी नाही.

"पडीक आहे. उडव," मागून शेखर सर म्हणाले.

सातपूरच्या त्या ऑफिसात पोरं-पोरी दिवसभर अमेरिकेचे नकाशे बनवतात. विमानातून काढलेले फोटो येतात, माणूस राहतो त्या घरावर निळा ठिपका ठेवायचा, पडीक घर नकाशातून उडवायचं. संजनाकडे ब्रॅमली काउंटी होती. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. पसारा एवढा, की अख्खा दिंडोरी तालुका आत बसून जागा उरेल. आणि माणसं किती? चार हजार एकशे बारा. तेवढी तर पंचवटीच्या भाजीबाजारात एका सकाळी एकमेकांच्या पायावर पाय देतात. उत्तरेला बोडके डोंगर, मधून एक नदी, ती पण चार महिन्यांची. शेजारी आठ-आठ किलोमीटरवर. तिथं कुणाच्या छातीत कळ आली, तर ॲम्ब्युलन्स ठिपका बघून निघते. ठिपका नाही तर घर नाही.

"मी नाही उडवत, सर."

"दोन चुका आधीच झाल्यात तुझ्या. तिसरीला काढतात, माहितीये ना?"

"माहितीये."

"मग त्या डबड्यासाठी नोकरी कशाला घालवतेस? सहाला फाईल जाणार."

पण संजना मखमलाबादच्या मळ्यात वाढलेली. घराशेजारच्या हिरव्या पट्ट्यावरच तिची नजर अडकली होती. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत वाफे आडवे होते. यंदाच्या फोटोत उभे. ती उठली, जिन्यात गेली आणि बापाला, कोंडाजीला, फोन लावला.

"आण्णा, कोणी वाफ्यांची दिशा कशामुळं बदलतं?"

"कोणाचं रान हाय?"

"अमेरिकेतलं."

"बरं." कोंडाजी वांग्याला पाणी भरत होता, त्याला अमेरिकेचं काय कौतुक. "आधी चढावर काढले असतील. पाणी पुढं सरकलं नसंल, म्हणून फिरवले. माणूस हाय तिथं. पडीक रान काय आपोआप कूस बदलत नाय. पाणी कुठून देतो तो?"

"दिसत नाही ना."

"मग ते शोध. पाण्याकडं वाट पडतेच. आन् जेवली का?"

"जेवले."

"खोटं बोलती."

परत येऊन ती स्क्रीनवर त्या घराभोवती गोल गोल फिरत राहिली. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. बाकीची पोरं बॅगा भरायला लागली. आणि मग टेकाडामागं तिला गुरांच्या पाण्याची एक गोल टाकी दिसली. तिथून वाफ्यांपर्यंत केसाएवढी पांढरट रेघ आलेली, दगड चुकवत.

"सर, इकडं या."

शेखर सर वाकून बघत राहिले. "गुरांची वाट असेल."

"गुरं वाफ्यापाशी येऊन थांबतात का? तुडवून गेली असती सगळं."

"पायवाट बघून ठिपका ठेवायचा नियम नाहीये, संजना."

"मग नियम चुकलाय."

"बाई, मी नाही केला तो. ठेव तुला ठेवायचा तर. चूक तुझ्या नावावर जाईल."

तिनं ठिपका ठेवला. शेऱ्याच्या रकान्यात मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, की इथं कुणीतरी भाजी करतं. सहाला फाईल गेली.

पुढचे नऊ दिवस लय वाईट गेले. काढून टाकलेल्याचं बोट दारावरचं मशीन घेत नाही, म्हणून रोज सकाळी ते हिरवं होईपर्यंत पोरगी त्याच्याकडं बघत उभी. घरी कुणाला एक शब्द नाही. दहाव्या दिवशी काउंटीवाल्यांचा मेल आला. त्यांचा माणूस गाडी घेऊन जाऊन बघून आला होता. ठिपका बरोबर आहे, ठेवा.

शेखर सरांनी शाबासकी-बिबासकी दिली नाही. "आता पडीक म्हणून उडवलेली सगळी घरं परत बघ. तूच," एवढंच म्हणाले. संजना शिव्या घालत बसली आणि आठवड्यात आणखी चार घरं जिवंत करून दाखवली. पुढं नव्या पोरांना शिकवायचं काम पण तिलाच दिलं. पहिल्या दिवशी ती त्यांना छप्पर दाखवतच नाही, पाणी शोधायला लावते.

त्या घरात कोण राहतं, ते मात्र कितीतरी महिन्यांनी कळलं. काउंटीतली एक बाई व्हिडिओ कॉलवर सहज बोलून गेली. टाकीवरून बादलीनं पाणी आणणारा म्हातारा होताच, पण आत त्याची बहीण पण होती. दोन वर्षं खाटेवर, त्यामुळं कुठल्याच फोटोत तिची काही खूण नव्हती.